गीतांचा पहिला क्रमांक कसा ठरतो?

परीक्षेचा निकाल लागला म्हणजे पहिला कोण आला, ह्याची चौकशी घरोघर होते. पहिल्या क्रमांकाविषयीचे हे कुतूहल मनुष्याच्या ठायी उपजतच असावे. तथापि परीक्षेतील क्रमांकास निदान इतका आधार असतो की, सर्व विद्यार्थ्यांपुढे एकच प्रश्नपत्रिका ठेवलेली असते, आणि अमुक एकास गुण कशाबद्दल मिळाले हे उत्तरपत्रिका उघडून पाहता येते. गीतांचेही असेच क्रमांक लावण्यात येतात, आणि ‘पहिल्या क्रमांकाचे गाणे’ म्हणून त्यांचा गवगवा होतो. मात्र ह्या परीक्षेत प्रश्न कोणता विचारला होता, परीक्षक कोण होते आणि गुण कशाचे दिले, ह्याचा विचार करणारे श्रोते विरळा. प्रस्तुत लेखात आम्ही ह्याच गोष्टीचे दिग्दर्शन करण्याचे योजिले आहे. उदाहरणासाठी आम्ही इंग्लंडातील १९७७ ते १९७९ हा काळ निवडला आहे. त्या वर्षांत तिकडे गाण्यांच्या तबकड्यांचा व्यापार ऐन भरात होता, आणि मोजदाद मात्र अद्याप लेखणीने व टपालानेच चालत असे. त्यामुळे क्रमांक घडतो कसा, हे त्या काळात डोळसपणे पाहता येते.

प्रथम ह्या प्रथेचा उगम पाहू. इंग्लंडात अशी पहिली यादी १४ नोव्हेंबर १९५२ रोजी ‘न्यू म्युझिकल एक्सप्रेस’ नामक साप्ताहिकाने छापली. तिची कृती अगदी साधी होती. साप्ताहिकाच्या कचेरीतून सुमारे वीस दुकानदारांस दूरध्वनी करून त्या आठवड्यात कोणत्या तबकड्या अधिक खपल्या हे विचारण्यात आले, आणि त्यांच्या उत्तरांची बेरीज करून अनुक्रम लावण्यात आला. अमेरिकेत ‘बिलबोर्ड’ ह्या व्यापारी पत्राने शंभर गीतांची आपली प्रसिद्ध यादी ४ ऑगस्ट १९५८ पासून सुरू केली. दोन्हीकडे हेतू व्यापाराचाच होता. दुकानदाराने कोणता माल मागवावा आणि किती मागवावा, हे त्यास कळावे, एवढ्याचसाठी ह्या याद्या निघाल्या. पुढे श्रोत्यांनी त्या हाती घेतल्या, आणि बाजारभावाच्या तक्त्यास गुणवत्तेच्या यादीची प्रतिष्ठा प्राप्त झाली.

आता ज्या वस्तूची मोजदाद होई तिचे स्वरूप सांगितले पाहिजे. कारण आमच्या आजच्या विद्यार्थ्यांपैकी पुष्कळांनी ती हाताळलीही नसेल. ती सात इंच व्यासाची, बहुधा काळ्या रंगाची तबकडी असे. मिनिटास पंचेचाळीस फेरे ह्या वेगाने ती यंत्रावर फिरे, आणि तिच्या कोरीव रेषेतून सरकणारी सुई ध्वनी उत्पन्न करी. तिच्या एका अंगास तीनचार मिनिटांचे एक गीत मावे. मुख्य गीत पहिल्या अंगावर घालीत व दुसऱ्या अंगावर दुसरे एखादे गीत भरीत असत. गिऱ्हाइकास गीत एकच हवे असले तरी तबकडी दोन गीतांची घ्यावी लागे. वाचकांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी. पुढे हिचा उपयोग होणार आहे.

१९६९ च्या फेब्रुवारीपासून इंग्लंडातील मुख्य यादी तयार करण्याचे काम ‘ब्रिटिश मार्केट रिसर्च ब्यूरो’ ह्या संस्थेकडे देण्यात आले. देशातील हजारो दुकानांपैकी सुमारे तीनशे दुकाने तिने निवडली, आणि प्रत्येक दुकानास एकेक वही दिली. तबकडी विकली गेली की विक्रेत्याने तिचा अनुक्रमांक वहीत टिपावयाचा, आणि आठवडा संपताच वही टपालाने लंडनास धाडावयाची, असा नेम होता. तेथे सर्व आकड्यांची बेरीज होई व मंगळवारी नवा अनुक्रम नभोवाणीवरून जाहीर होई. गुरुवारी दूरचित्रवाणीवरील ‘टॉप ऑफ द पॉप्स’ ह्या कार्यक्रमात त्यांतील निवडक गायक दिसत, आणि रविवारी सायंकाळी नभोवाणीवर ती गीते खालून वर अशा क्रमाने ऐकविण्यात येत. १९७८ साली ही यादी पन्नास गीतांवरून पंचाहत्तर गीतांपर्यंत वाढविण्यात आली, आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरपासून रविवारच्या कार्यक्रमात वीसाऐवजी चाळीस गीते ऐकविण्यात येऊ लागली.

ह्या व्यवस्थेतून एक चमत्कारिक चक्र उत्पन्न झाले. जे गीत यादीत चढे तेच नभोवाणीवर वारंवार वाजे. जे वारंवार वाजे तेच लोकांच्या ओठी बसे. आणि जे ओठी बसे तेच अधिक खपे. अर्थात क्रमांक हा लोकप्रियतेचे फळ होता, तद्वतच तो तिचे बीजही होता. जेथे बीज विकत घेता येते तेथे कपट शिरण्यास उशीर लागत नाही. कोणत्या दुकानांत वह्या आहेत ह्याचा सुगावा लागताच काही व्यापाऱ्यांचे हस्तक तेथेच जाऊन आपल्याच तबकड्या विकत घेऊ लागले. कोठे कोठे विक्रेत्यास भेटी देऊन, न विकलेल्या तबकडीचा आकडा वहीत चढविण्यासही लावीत. तीनशेच दुकाने मोजावयाची असल्यामुळे थोड्याशा खरेदीनेही गीत पुष्कळ वर सरकत असे. १९८० साली ह्या गैरव्यवहाराची तिकडे दूरचित्रवाणीवरून जाहीर वाच्यता झाली. पुढे १९८३ च्या आरंभी हे काम ‘गॅलप’ ह्या संस्थेकडे गेले आणि वहीच्या जागी हळूहळू विद्युत्यंत्रे आली.

परंतु समजा, सर्व विक्रेते सत्यवचनी आहेत आणि वहीतील प्रत्येक आकडा खरा आहे. तरीही त्या क्रमांकावरून आपणांस काय कळते? ह्या प्रश्नाचे उत्तर उदाहरणांनीच देणे बरे.

स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर मल ऑफ किंटायर नावाचे एक भूशिर आहे. तेथे पॉल मॅकार्टनी ह्या विख्यात गायकाचे शेत होते. त्या भूमीवरील प्रेमाने त्यांनी डेनी लेन ह्यांच्या साहाय्याने एक संथ गीत रचिले आणि शेजारच्या कॅम्बेलटाउन गावातील मशकवाद्य वाजविणाऱ्या मंडळींस त्यात साथीस घेतले. १९७७ च्या नोव्हेंबरात हे गीत प्रसिद्ध झाले. इंग्लंडात ते नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले, आणि वीस लाखांहून अधिक खप झालेली त्या देशातील ती पहिली तबकडी ठरली. तीच तबकडी अमेरिकेत गेली तेव्हा तिकडच्या नभोवाणी केंद्रांनी हे गीत बाजूस ठेवून दुसऱ्या अंगावरील दणदणीत गीत वाजविणे पसंत केले, आणि त्या गीताची मजल तेहतिसाव्या क्रमांकापलीकडे गेली नाही. अमेरिकेतील यादीत दुकानातील खपाबरोबर नभोवाणीवर गीत किती वेळा वाजते हेही जमेस धरीत असत. येणेप्रमाणे तबकडी एक, पण परीक्षा दोन. आणि निकालही दोन.

ह्याच्या उलट प्रकार ‘स्टेइंग अलाइव्ह’ ह्या गीताचा झाला. डिसेंबर १९७७ मध्ये ‘सॅटर्डे नाइट फीव्हर’ हा बोलपट निघाला, आणि त्यातील ‘बी जीज’ ह्या तीन बंधूंच्या गीतांनी जग दुमदुमून गेले. हे गीत ध्वनिमुद्रित होत असता साथीचा ढोलवादक घरच्या आजारपणामुळे निघून गेला होता. तेव्हा त्या मंडळींनी पूर्वी मुद्रित झालेल्या दुसऱ्या एका गीतातील ठेक्याचा लहानसा तुकडा ध्वनिफितीवर उतरविला, त्या फितीची दोन टोके जोडून तिचे वेटोळे केले, आणि तेच पुनःपुन्हा फिरवून संपूर्ण गीतास साथ दिली. म्हणूनच त्या गीताचा ठेका तसूभरही ढळत नाही. हे गीत अमेरिकेत चार आठवडे पहिले होते. इंग्लंडात मात्र ते चौथ्या क्रमांकावरच थांबले. आज ह्या गीताचा एक निराळाच उपयोग होतो. हृदयक्रिया बंद पडलेल्या रुग्णाच्या छातीवर मिनिटास १०० ते १२० वेळा दाब द्यावा, असे प्रथमोपचारात शिकवितात. ह्या गीताचा ठेका मिनिटास सुमारे १०३ मात्रांचा असल्याने दाबाची गती मनात धरून ठेवण्यासाठी शिक्षक ह्याच गीताचे स्मरण करण्यास सांगतात. गीताची ही उपयुक्तता कोणत्या यादीत मोजली गेली? कोणत्याच नाही, कारण तो प्रश्न कोणी विचारलाच नव्हता.

तिसरे उदाहरण वादाचे आहे. १९७७ साली राणी दुसरी एलिझाबेथ हिच्या राज्यारोहणाचा पंचवीस वर्षांचा उत्सव इंग्लंडात चालू असता ‘सेक्स पिस्टल्स’ नामक उद्धट तरुणांच्या मेळ्याने राष्ट्रगीताचेच नाव घेऊन राजसत्तेवर प्रखर टीका करणारे गीत प्रसिद्ध केले. बी. बी. सी. ने ते वाजविण्याचे नाकारले. कित्येक मोठ्या दुकानांनी ते विकण्याचेही नाकारले. तरीही मुख्य यादीत ते दुसऱ्या क्रमांकापर्यंत चढले. आणि ‘न्यू म्युझिकल एक्सप्रेस’च्या स्वतंत्र यादीत तर ते पहिले ठरले. देश एक, गीत एक, पण मोजणारे दोन असल्याने उत्तरे दोन आली. मुख्य यादीत त्यास बुद्ध्याच मागे ठेविले काय, ह्याविषयी तेव्हापासून वाद चालत आला आहे. तो वाद बाजूस ठेविला तरी एवढे खचित की, दुकाने निवडणाऱ्याच्या हाती क्रमांकाची अर्धी किल्ली असते.

आता आम्ही ज्या गीताकडे वाचकांचे विशेष लक्ष वेधू इच्छितो, त्याकडे वळतो. बायबलातील स्तोत्रसंहितेत १३७ वे स्तोत्र आहे. यरुशलेमेचा पाडाव झाल्यावर बंदी होऊन बाबेलास गेलेले यहुदी लोक नदीकाठी बसून सियोनाच्या आठवणीने रडत आहेत, असा त्यातील प्रसंग. त्यांस पकडून नेणारे त्यांजकडे करमणुकीसाठी सियोनाचे गाणे मागतात, आणि परक्या भूमीत आम्ही ते कसे गावे, असा त्यांचा आर्त प्रश्न आहे.

ह्या स्तोत्रास जमैका बेटात नवा अर्थ आला. तेथील बहुसंख्य रहिवासी आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांचे वंशज होत. त्या बेटात उदयास आलेल्या रास्ताफारी पंथाने गोऱ्यांच्या जुलमी सत्तेस ‘बाबेल’ म्हटले, आणि सियोन म्हणजे आफ्रिकेची मातृभूमी मानिली. ह्या भावनेने ब्रेंट डाउ व ट्रेव्हर मॅक्नॉटन ह्यांनी १३७ व्या व १९ व्या स्तोत्रांतील वचनांस चाल लावून ‘रिव्हर्स ऑफ बॅबिलोन’ हे गीत रचिले, आणि ‘मेलोडियन्स’ ह्या त्यांच्या मेळ्याने ते १९७० साली गाइले. मूळ गीतात त्या पंथाची खास संबोधने होती.

पुढे जर्मनीतील फ्रँक फारियन ह्या ध्वनिमुद्रण-निर्मात्याने ते उचलले. कॅरिबियन बेटांतील चार कलावंतांचा ‘बोनी एम्’ नावाचा मेळा त्याने उभा केला होता. पंथाची संबोधने काढून त्यांच्या जागी त्याने बायबलातील शब्द घातले, आणि नृत्यगृहास शोभेल असा एकसारखा ठेका दिला. १९७८ च्या मे महिन्यात हे गीत इंग्लंडात पहिले आले व पाच आठवडे तेथेच राहिले. पुढे रिवाजाप्रमाणे ते उतरू लागले. वीसाव्या क्रमांकापर्यंत खाली गेले. इतक्यात नभोवाणीवाल्यांनी तबकडी उलटविली! दुसऱ्या अंगावर जमैकातील लहान मुलांचे, रिंगण करून खेळावयाचे एक पारंपरिक गाणे होते. ते लोकांस इतके आवडले की तीच तबकडी पुन्हा चढत चढत दुसऱ्या क्रमांकास पोहोचली. ती एकूण चाळीस आठवडे यादीत होती, व तिचा खप सुमारे वीस लाख झाला.

ह्या वीस लाखांपैकी कितीजणांनी ती नदीकाठच्या विलापासाठी घेतली आणि कितीजणांनी रिंगणाच्या खेळासाठी? वहीत तबकडीचाच आकडा टिपला असल्याने हे सांगण्यास मार्ग नाही. दुसरे असे की, ह्या मेळ्यात पुढे नाचणारा बॉबी फॅरेल हा पुरुष तबकड्यांवर जवळजवळ गातच नसे. तो भारदस्त आवाज स्वतः फारियनचा होता, आणि मुख्य स्त्रीस्वर लिझ मिचेल ह्या बाईंचा होता. आपल्या बोलपटांतही पडद्यावर एक दिसतो व गातो दुसरा. पण पार्श्वगायकाचे नाव जाहीर करण्याची चाल आपल्याकडे पडली आहे. तिकडे ही गोष्ट १९७८ साली फारियनने स्वतः सांगितली तेव्हा पुष्कळांस नवल वाटले. आणि तिसरी गोष्ट सर्वांत मोठी. बंदिवानांनी करमणुकीसाठी गाण्यास नकार दिल्याचे जे स्तोत्र, तेच नृत्यगृहांतील करमणुकीचे सर्वांत लोकप्रिय गीत झाले. ही विसंगती टिपण्यास विक्रेत्याच्या वहीत रकाना नव्हता.

अशीच एक यादी आमच्या देशातही होती, आणि ती ह्याच काळात घरोघर ऐकली जात असे. १९५२ साली नभोवाणी खात्याचे मंत्री झालेले बा. वि. केसकर हे महाराष्ट्रीय गृहस्थ शास्त्रीय संगीताचे कैवारी होते. त्यांच्या कारकिर्दीत आकाशवाणीवर बोलपटांतील गीतांस जवळजवळ मज्जाव झाला. परिणाम असा झाला की श्रोत्यांनी आपल्या यंत्राचा काटा रेडिओ सिलोनकडे वळविला. बी. बी. सी. च्या उदाहरणात जे दिसले तेच येथेही दिसले : दार लावल्याने आवड नाहीशी होत नाही, ती दुसरे दार शोधते. ३ डिसेंबर १९५२ पासून त्या केंद्रावर दर बुधवारी सायंकाळी ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. एका टूथपेस्टच्या कारखान्याने खर्च द्यावा, मुंबईत अमीन सायानी ह्यांनी निवेदन मुद्रित करावे आणि ध्वनिफिती विमानाने कोलंबोस जाव्या, अशी ती योजना होती. क्रमांकास ते ‘पायदान’ म्हणत. १९५७ साली विविध भारतीच्या रूपाने आकाशवाणीने बोलपटांतील गीतांस आपले दार पुन्हा उघडले, तरी गीतमालेची गोडी ओसरली नाही.

ह्या मालेचे मोजमाप इंग्लंडाहून थोडे निराळे होते. आमच्याकडे तबकडी विकत घेण्याची ऐपत फार थोड्यांची. केवळ खप मोजला असता तर श्रीमंतांच्याच आवडीची यादी झाली असती. म्हणून दुकानदारांच्या आकड्यांबरोबर गावोगावच्या श्रोता-संघांची पसंतीही जमेस धरण्यात येऊ लागली. १९७८ च्या वार्षिक मालेत पहिले स्थान मिळाले ते ‘अँखियों के झरोखों से’ ह्या शीर्षकगीतास. जन्मांध असलेल्या रवींद्र जैन ह्यांनी त्याचे शब्द व चाल दोन्ही रचिली होती, आणि हेमलता ह्यांनी ते गाइले होते. लंडनमध्ये ज्या वर्षी ठेक्याने बाजी मारली, त्याच वर्षी आमच्याकडे एका शांत, हळुवार गीताने पहिले स्थान घेतले. ह्यावरून कोणा एका देशाची अभिरुची श्रेष्ठ असे अनुमान काढू नये. प्रश्न निराळा विचारला, उत्तर देणारे निराळे होते, एवढेच म्हणावे.

आज वही गेली, तबकडीही बहुतेक गेली. इंग्लंडाच्या मुख्य यादीत २०१४ पासून इंटरनेटवरून ऐकलेली गीतेही मोजली जातात, आणि आमच्या हातातील मोबाइलवर प्रत्येक गीताखाली लक्षावधींचे आकडे झळकतात. पूर्वी खरेदी मोजीत. आता ऐकणे मोजतात. पण ते ऐकणे मन लावून केलेले होते, की अभ्यास करता करता खोलीच्या कोपऱ्यात यंत्र आपोआप वाजत राहिले होते, हे त्या आकड्यास ठाऊक नसते.

विद्यार्थिमित्रहो, क्रमांक पाहूच नयेत असे आमचे म्हणणे नाही. आकडा हा साक्षीदार आहे. त्यास जेवढे विचारावे तेवढेच तो सांगतो. म्हणून ह्यापुढे एखादे गीत पहिले आले असे ऐकाल तेव्हा चार प्रश्न विचारण्याची सवय लावून घ्या : काय मोजले? कोणी मोजले? किती दिवसांचे मोजले? आणि ह्या मोजणीत कोण सुटले? हेच चार प्रश्न पुढे वर्तमानपत्रे, जाहिराती व निवडणुकीचे अंदाज वाचतानाही तुमच्या उपयोगी पडतील. आणि पालकांसही आमची एक विनंती आहे. मुलांची गाणी केवळ ‘गोंगाट’ म्हणून टाकून देऊ नयेत. एखाद्या सायंकाळी त्यांच्याजवळ बसून, हे गीत कोठून आले, कोणी रचिले, कोणाच्या दुःखातून वा आनंदातून उगवले, हे त्यांजकडूनच समजून घ्यावे. नृत्यगृहातील एका गीताचा माग काढीत गेल्यास जमैकाचे गुलाम व बाबेलचे बंदिवान भेटतात, हे आपण आताच पाहिले.

ते १३७ वे स्तोत्र यादीत चाळीस आठवडे होते. त्यापूर्वी दोन सहस्र वर्षांहून अधिक काळ ते नाना भाषांत, नाना चालींवर गाइले जात होते, आणि ते यादीतून उतरल्यानंतरही गाइले जात आहे. त्या काळाची वही कोणत्याच दुकानाने ठेविली नाही.